सरळ केलेला बेस

आमचं गाणं डिस्को होतं आणि मराठी होतं. या दोन गोष्टी एका दमात सांगितल्या की लोक आधी हसायचे. मला राग येत नसे. मी गाणी बसवते आणि गाते. बोरिवलीच्या आमच्या वन बीएचकेमधली आतली खोली हाच माझा स्टुडिओ. भिंतींना गोधड्या टांगलेल्या, कपाटाचं दार सताड उघडं, कारण आतले कपडे आवाज शोषून घेतात. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या संपल्या की आमचं रेकॉर्डिंग सुरू.

गाण्यातली बाई कामावरून घरी येते, दार लावते आणि कुणी बघत नाही म्हणून स्वयंपाकघरात नाचते. एवढीच गोष्ट. शब्द थकलेले आणि ठेका टवटवीत, असं मला हवं होतं. ड्रम प्रत्येक मात्रेवर, न चुकता, धप धप धप धप. दोन ठोक्यांच्या मधे झांज उघडायची. वर व्हायोलिनचा ताफा, तो कॉम्प्युटरमधला. टाळ्या मात्र खऱ्या. सोसायटीतल्या चार बायकांना खोलीत उभं करून मी त्या घेतल्या होत्या. आणि या सगळ्याच्या खाली बेस गिटार. डिस्कोत बेस उड्या मारतो, खालचा सा, वरचा सा, खालचा सा, वरचा सा. गाण्याची कंबर तिथे असते. ती हलली नाही तर वर कितीही व्हायोलिनं वाजवा, कुणी जागचं उठत नाही.

बेस वाजवायला माझा मित्र होता. वीस वर्षांपूर्वी गणपतीतल्या एका ऑर्केस्ट्रात आम्ही भेटलो, तेव्हापासूनचा. तो घाटकोपरचा. आजोबा जालन्याकडून आलेले, वडील भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी वाजवायचे. लहानपणी हा त्यांच्या मांडीला मांडी लावून बसायचा आणि ढोलकीचा हादरा गुडघ्यात घ्यायचा. त्यामुळे त्याचा बेस घड्याळावर कधी चालला नाही, ढोलकीवर चालला. प्रत्येक सूर किंचित मागे पडायचा. उशीर नव्हे. घरात येणारा माणूस दारात चप्पल काढायला थांबतो, तेवढंच. आठवडाभर तो अंधेरीच्या एका गाळ्यात पुठ्ठ्याचे खोके कापायच्या मशीनवर असायचा आणि रविवारी माझ्याकडे यायचा.

त्या रविवारी त्यानं तीन टेक दिले. पहिला अवघडलेला, दुसरा ठीक. तिसऱ्याला मी त्याला वाट दाखवायला सोबत गात होते, आणि अर्ध्यात मी गायची थांबले. ठरवून नाही. ऐकतच राहिले. वाजवून झाल्यावर त्यानं हेडफोन गळ्यात सोडला.

"गायची थांबलीस का गं?"

"माहीत नाही रे. हाच ठेवते."

"ठेव. झकास झालाय. आता परत नाही होणार असा."

मग आईनं केलेलं बांगड्याचं तिखलं आणि भात खाऊन तो घाटकोपरला गेला.

गाणं एका लहान ऑनलाइन कंपनीनं काढायचं ठरवलं होतं. त्यांच्या माणसाचा पंधरा दिवसांनी फोन आला. "मॅडम, सगळं छान आहे. फक्त बेस थोडा लूज वाटतो. डिस्को टाइट पाहिजे ना."

"तो तसाच वाजवतो. मुद्दाम आहे ते."

"बघा मग. या शुक्रवारी निघणाऱ्या गाण्यांच्या यादीत घ्यायचं की नंतर कधीतरी, तुम्ही सांगा."

मी भांडू शकले असते. वर्षभर कच्चं गाणं कुणाकुणाला ऐकवत फिरले होते, दमले होते. पण ते कारण नाही. मला ते गाणं शुक्रवारी यायला हवं होतं, हे कारण.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर गाण्याला उभ्या रेघा असतात, एकेक रेघ म्हणजे एकेक मात्रा. सगळे सूर निवडायचे आणि एक बटण दाबायचं. प्रत्येक सूर उचलला जातो आणि जवळच्या रेघेवर नेमका जाऊन बसतो, शाळेच्या प्रार्थनेतल्या पोरांसारखा. चहा गार व्हायच्या आत माझं काम झालं. सरळ केलेल्या बेसची मी नवी फाइल करून घेतली. डिस्क भरत आली होती. न वापरलेल्या फायली काढून टाकू का, असं कॉम्प्युटरनं विचारलं. मी हो म्हटलं. तिन्ही टेक त्यात गेले. वेगळी प्रत ठेवायची सवय मला तेव्हा नव्हती, आणि तेव्हा त्याचं काही वाटलंही नाही.

मित्राला मी सांगितलं नाही. सांगू, सांगू, म्हणत शुक्रवार आला. त्यानं गाळ्यातूनच फोन केला. मागे मशीनचा आवाज होता. "मस्त वाटतंय यार. सगळ्यांना ऐकवलं इथे. सुपरवायझरपण मान हलवत होता."

पहिले दोन आठवडे बरे गेले. एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत चार ओळी आल्या. पाय थिरकवणारं गाणं, असं त्यात होतं, आणि माझं आडनाव चुकलेलं. एका इंग्रजी संकेतस्थळानं लिहिलं की जुन्या डिस्कोची आठवण जागी होते. कुणाची आठवण, ते त्यांनी लिहिलं नाही. लोकांनी गाण्यावर स्वतःचे व्हिडिओ केले, बहुतेक स्वयंपाकघरातले. एका बाईनं पोळ्या लाटता लाटता केला होता. तो मी आणि मित्रानं मिळून किती वेळा पाहिला असेल.

तिसऱ्या आठवड्यात मंगळवारी त्याच्या बायकोचा फोन आला. ती फोनवर बोलेना, नुसती ताई, ताई म्हणत राहिली. मशीनच्या तोंडावरची जाळी माल लवकर निघावा म्हणून गाळ्यात काढून ठेवली होती. डाव्या हाताची मधली दोन बोटं गेली. बेस वाजवणाऱ्याचा डावा हात म्हणजे सूर दाबायचा हात.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा तो पलंगावर टेकून बसला होता, हाताला मोठं पांढरं बोचकं. बोटं पेरापासून काढली होती. आम्ही बोटांबद्दल बोललो नाही. जेवण कसं आहे, शेजारचा म्हातारा रात्रभर कसा घोरतो, मुलीची चाचणी परीक्षा, असलं बोललो.

चौथ्या दिवशी गेले तर त्यानं उजव्या हातानं फोन माझ्यापुढे धरला. "हे वाचलंस?"

मी वाचलं नव्हतं. एका समीक्षकानं स्वतःच्या ब्लॉगवर आमच्या गाण्यावर लांब लिहिलं होतं. या माणसाचं मी अनेक वर्षं वाचत आले होते, त्याला कान होता. त्यानं टाळ्या खऱ्या आहेत हे ओळखलं होतं. माझा आवाज कडव्यात मुद्दाम सपाट ठेवलाय आणि ध्रुवपदात सैल सोडलाय, हेही त्याच्या लक्षात आलं होतं. मग शेवटचा परिच्छेद बेसचा. बेस निर्जीव आहे, असं लिहिलं होतं. तो कुणी वाजवलेला नाही, मशीनमधून काढलेला आहे. त्यात एकही चूक नाही, म्हणून त्यात कुणी माणूसही नाही. एवढ्या चांगल्या गाण्याला एक खरा वादक मिळायला हवा होता.



मित्र हसत होता. "बघ ना. मशीननं माझी बोटं खाल्ली, आणि हा म्हणतो मीच मशीन."

बायको पायाशी स्टुलावर बसली होती. ती हसली नाही. "ताई, तुम्ही लिहा ना त्या माणसाला. ह्यांनीच वाजवलंय म्हणून सांगा. आता ह्यांचं तेवढंच तर राहिलंय."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

घरी येऊन समीक्षकाला लिहिलं की बेस माणसानं वाजवलेला आहे, माझा वीस वर्षांचा मित्र आहे, आणि त्याच्या हाताला असं असं झालंय. खोटं एक अक्षर लिहिलं नाही. खरंही सगळं लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, सरळ मनाचं. चूक झाली असेल तर जाहीरपणे दुरुस्त करतो, म्हणाला. तुमच्याकडे नुसत्या बेसचं मूळ रेकॉर्डिंग असेल तर पाठवा, त्यातला तुकडा ब्लॉगवर लावतो, लोकांनाही ऐकू दे.

मी तेव्हा पहिल्यांदा शोधलं. डिस्क शोधली, जुना लॅपटॉप शोधला, मेल शोधले. फोनमध्ये त्या रविवारचा एक फोटो होता, ताटातल्या बांगड्याचा. आवाज कुठेच नव्हता. दोन दिवस ओळखीच्या एका दुरुस्तीवाल्याकडे डिस्क दिली. त्यानं मान हलवून परत केली. "वर दुसरं लिहिलं गेलंय मॅडम. गेलं ते."

रविवारी मी घाटकोपरला गेले. तो घरी आला होता. मुलगी क्लासला गेली होती. बायको चहा टाकायला उठली तेव्हा मी म्हटलं, "बस गं, तूपण ऐक." आणि सगळं सांगितलं. कंपनीचा फोन, रेघा, बटण, फायली.

 तो म्हणाला, "तिसरा टेकपण?"

"तिसरापण."

"कधी केलंस हे?"

"गाणं आलं त्याच्या आधी चार दिवस."

"म्हणजे मी गाळ्यात सगळ्यांना ऐकवलं, ते..."

"ते सरळ केलेलं होतं."

त्यानं बँडेजवरचा एक दोरा उजव्या हातानं ओढून काढला. "मला खटकलं होतं ते कानाला. ऐकताना वाटलं, मी इतका सरळ कधी वाजवला? मग वाटलं, सुधारलो असेन."

मी रडले. त्याला ते आवडलं नाही, हे दिसलं. "रडू नकोस. तू रडलीस की मला तुझी समजूत घालावी लागते," तो म्हणाला. "आज माझ्यात तेवढं नाहीये."

बायको उठून आत गेली. भांड्यांचा आवाज आला, मग तोही थांबला. चहा आलाच नाही. मी निघाले तेव्हा तो दारापर्यंत आला, पण ये पुन्हा म्हणाला नाही.

समीक्षकाला मी या वेळी पूर्ण लिहिलं. तुमची चूक नाही, तुम्ही बरोबर ऐकलंत. वादक जिवंत होता, त्याचा जीव मी काढला, आणि मूळ माझ्याकडे उरलेलं नाही. त्यानं लेखाखाली तीन ओळींची टीप लावली, त्यात माझं हे सगळं होतं. मला वाटलं होतं लोक तुटून पडतील. कुणी वाचलीच नाही. तोवर लोक दुसऱ्या गाण्यावर नाचत होते. फक्त कंपनीच्या माणसानं ती वाचली आणि फोन केला. "मॅडम, कशाला असं लिहायचं? सगळे हेच करतात." सगळे करतात, हे खरंच होतं. पण तेवढ्यानं मला बरं वाटलं नाही.

मित्राला त्याच गाळ्यात माल नोंदवायचं काम मिळालं. मी फोन करायचे, तो उचलायचा, हो-नाही बोलायचा. भांडण नव्हतं. भांडण झालं असतं तर एक दिवस मिटलं तरी असतं.

वर्षभरानं मुलुंडच्या एका सभागृहात कार्यक्रम ठरला आणि त्यात हे गाणं हवंच, असं आयोजक म्हणाले. बेसला एक मुरलेला वादक मिळाला, पन्नाशीचा, अनेक स्टुडिओ फिरलेला. त्यानं गाणं रेकॉर्डिंगवरून बसवलं होतं, तंतोतंत. सराव करताना मी त्याला म्हटलं, जरा मागे पडू दे.

"किती मागे?" त्यानं विचारलं. अगदी सरळपणे.

मला सांगता येईना. तोंडानं म्हणून पाहिलं, टाळी देऊन पाहिलं. ते मनात ऐकू येत होतं, पण बाहेर येत नव्हतं. शेवटी बाहेर जिन्यात जाऊन मी मित्राला फोन लावला. एकदा येशील का, म्हटलं. नुसतं मांडीवर हात मारून दाखव त्याला.

तो म्हणाला, "नको गं. त्याला त्याचं वाजवू दे. माझं शिकवू नकोस कुणाला."

"बरं."

"रागावून नाही म्हणत."

"माहीत आहे रे."

कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी झाला. बेस टाइट होता. मी कडवं सपाट गायले, ध्रुवपद सैल सोडलं, आणि मागच्या रांगांतल्या बायका खुर्च्या सरकवून उभ्या राहिल्या आणि नाचल्या. नंतर वायरी गुंडाळत होते तेव्हा मंचाच्या कडेला त्याची बायको दिसली, सोबत मुलगी. वर्षभरात ती माझ्याशी बोलली नव्हती.

"चांगलं झालं," ती म्हणाली. तिनं मुलीच्या दप्तराचा पट्टा खांद्यावर नीट केला. "ह्यांना सांगू नका आम्ही आलो होतो. क्लास आहे म्हणून सांगितलंय."

मी मान हलवली. ती तोवर वळली होती, आणि त्या दोघी गर्दीबरोबर दाराकडे गेल्या.