गांज्याला कोंबड्याचा खुराक

जिगो गावात तुन सिद्रोचं नाव निघालं की लोक अजूनही कोंबड्यांचंच बोलतात. तुन म्हणजे आमच्याकडचं राव, आणि तान म्हणजे बाई. पोटासाठी त्याने आयुष्यभर शाळेची बस चालवली, पण बस काय, कोणीही चालवतो. त्याची खरी विद्या खुराकाची. झुंजीच्या कोंबड्याला मका कधी, उकडलेलं अंडं कधी, जीवनसत्त्वाचे थेंब किती, बिअरचा घोट द्यायचा की नाही, हे विचारायला ग्वाम बेटाच्या पार दुसऱ्या टोकावरून माणसं यायची. बेट अमेरिकेच्या ताब्यात, मग वॉशिंग्टनवाल्यांनी कायदा केला, झुंजी बंद झाल्या. कोंबडे गेले, विद्या तशीच पडून राहिली. आणि पडून राहिलेली विद्या काय करते? मिळेल तिथे तोंड घालते मेली.

त्याची बायको तान एंग्रासिया गावाची तेचा. मयत असो, नवस असो, रोझरीच्या प्रार्थनेला पुढे तीच. घरात बाळ येशूची हातभर मूर्ती. एंग्रासियाच्या आजीने युद्धात नवस बोलला होता, घरातली माणसं वाचली तर दर वर्षी नोवेनाची, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेची, शेवटची संध्याकाळ गुडघे टेकून, खुर्चीवर नाही. आजीने पाळला, आईने पाळला, आणि आता एंग्रासियाच्या गुडघ्यांनी संप पुकारला.

तिची मावसबहीण कारिदात टपूनच होती. "होत नसेल तर सांग हो," रविवारी चर्चच्या पायरीवर ती गोड आवाजात म्हणायची, "मूर्ती मी नेते. घराण्याचा नवस मोडायला नको ना, बाई."

एंग्रासिया हसून मान हलवायची आणि घरी आली की भांडी आपटायची. तुन सिद्रोला तिच्या भांड्यांच्या आवाजावरून सगळं कळायचं. मूर्ती गेली तर ही बाई मनातून मोडेल, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. जीव होता त्याचा तिच्यावर. सांगायला मात्र तोंड उघडत नव्हतं, कारण त्याचं तोंड सुपारी आणि चुन्याने कायम भरलेलं.

तोडगा काढला कुम्पायरे फेलिसने, त्याच्या पोराच्या धर्मबापाने. "गांजा खोबरेलात उकळायचा आणि गुडघ्यांना चोळायचा. माझी सासू आता जिना चढते. चढते ते चढते, वर येऊन भांडतेसुद्धा."

"विकत मिळतं का ते तेल?"

"मिळतं की."

"विकतचं?" तुन सिद्रोला अपमान वाटला. "मी कधी विकतचा कोंबडा झुंजीत उतरवलाय?"

कायद्याची आडकाठी नव्हती. घरी सहा रोपं वाढवा म्हणतो कायदा, फक्त कुलूपबंद ठेवा. घरात कुलूप एकाच खोलीला, जत्रेची मोठी पातेली ठेवतात त्या कोठीला. तिथे माती कुठून आणणार? मग पाण्यातच वाढवायचं ठरलं. बर्फाची जुनी पेटी, झाकणाला भोकं, भोकांत रोपं, वर जांभळा दिवा. बायकोला त्याने सांगितलं, "कोठीत उंदरांचं विष टाकलंय, फिरकू नकोस." तेचाच्या घरात गांजा! तिला कळतं तर तिने त्यालाच कोठीत कोंडलं असतं.

राहिलं खत. हार्मन भागात जोव्हेन नावाच्या फिलिपिनो पोराचं खताबियाण्याचं दुकान आहे, त्याने दोन साध्या बाटल्या पुढे ठेवल्या. "तुन, आपल्या नळाचं पाणी चुनखडीच्या दगडातून येतं. किटलीत पांढरा थर बसतो ना? त्यात कॅल्शियम भरपूर आहे. म्हणून ही जड पाण्याची खतं घ्या. वरून काही घालू नका, आणि सुरुवातीला अर्धीच मात्रा."

"कॅल्शियमची बाटली नाही?"

"आहे, पण तुम्हाला नको."

"कोंबड्याला कॅल्शियम नाही दिलं तर पाय वाकतात, ठाऊक आहे का तुला?"

"तुन, हा कोंबडा नाही."

"आणि ती लाल बाटली कसली?"

"फुलावर आल्यावर द्यायची. आत्ता अजिबात नाही."

"आम्हाला घाई आहे," असं म्हणून तुन सिद्रोने लाल बाटली आणि कॅल्शियम घेतलं. जड पाण्याचं खत तिथेच ठेवलं. "जन्मभर चुना खाल्लाय आम्ही. आमच्या घरातलं झाड आणि चुन्याला भिणार?" जोव्हेनने कपाळावर हात मारला.

पुढचं काय सांगू! दोघा म्हाताऱ्यांना तारुण्य आलं. दोन रोपांना झुंजीच्या कोंबड्यांची नावं दिली, बुलिक आणि तालिसाय. रोज सकाळी फेलिस यायचा, रोप भोकातून उचलून तळहातावर तोलायचा, देठाला रम चोळायचा. पानांच्या कडा करपल्या. "अंगात रग आलीये," फेलिस म्हणाला. पानं पिवळी पडली. "पिसं झडतायत, नवीन येतील." मुळांवर पांढरा थर चढला. तो बघून तुन सिद्रोला भरून आलं, हाडं धरली म्हणून. खुराक वाढवला. जीवनसत्त्वाचे थेंब झाले, बिअर झाली. तरी बुलिक मान टाकून बसला, तेव्हा तुन सिद्रोने आपलं शेवटचं अस्त्र काढलं. उकडलेलं अंडं फडक्यात बांधून पेटीत सोडलं.

नोवेनाची शेवटची संध्याकाळ आली. तेलाचा पत्ता नाही. बायकांनी घर भरलं. कारिदात आली ती काखेत मऊ टॉवेल घेऊन, मूर्ती गुंडाळून न्यायला. तुन सिद्रो दाराशी उभा होता आणि त्याला स्वतःची लाज वाटत होती. एवढं एक काम होतं, तेही जमलं नाही.

एंग्रासियाने खुर्चीचा हात धरला. एक गुडघा वाकवायला घेतला. कारिदातने टॉवेल उलगडला.

आणि कोठीतून वास आला. वास कसला, दणकाच तो.

"उंदीर मेला," एक म्हणाली.

"एक? सगळं खानदान मेलंय," दुसरीने नाकाला रुमालाऐवजी जपमाळच लावली.

कारिदात म्हणाली, "उंदीर नाही हो हा. सिद्रोने रानात वडाची फांदी तोडली असणार, तिथल्या जुन्या माणसांच्या आत्म्यांना न विचारता. ते आलेत घरात."

एंग्रासिया पुन्हा ताठ उभी राहिली. "सिद्रो. किल्ली."

"अगं, विष आहे आत..."

"किल्ली!"

कुलूप उघडलं. जांभळ्या उजेडात पातेल्यांच्या मधोमध दोन काड्या उभ्या, त्यांना मोजून सात-आठ पिवळी पानं. मागे बायकांची गर्दी. पान ओळखू आलं सगळ्यांना. कसं ओळखलं, ते कोणी विचारलं नाही.

"तेचाच्या घरात!" कारिदात म्हणाली. केवढा आनंद झाला होता तिला.

तुन सिद्रोने आयुष्यात पहिल्यांदा सुपारी थुंकून तोंड मोकळं केलं. "तुझ्या गुडघ्यांसाठी होतं गं. तेल करणार होतो. मूर्ती जाऊ नये म्हणून. माझंच खत चुकलं. मी कोंबडेवाला माणूस, मला दुसरं काय येतं?"

एंग्रासिया पुढे झाली. पेटीशी गेली, दुखणं विसरून दोन्ही गुडघे खाली टेकले, हात घालून फडकं बाहेर काढलं. फडक्यात अंडं. तिने अंड्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.

"अंडं, सिद्रो?"

"ताकदीला," तो पुटपुटला.

मग ती उठायला गेली आणि तिला उठता येईना. सगळ्यांना दिसलं ते.

"अगं बाई, अडकलीस का?" कारिदात म्हणाली.

"कोण म्हणतं मला उठायचंय?" एंग्रासियाचा आवाज तेचाचा झाला. "नवस गुडघ्यावरचा आहे, मी गुडघ्यावर आहे. मूर्ती इकडे आणा. कारिदात, तुझ्याकडे टॉवेल आहेच."

कारिदातने मूर्ती आणली. काय करते! पालथ्या पातेल्यावर ठेवली, आणि एंग्रासिया खाली असताना आपण उभं कसं राहायचं, म्हणून स्वतःही बसली गुडघ्यावर. तिच्या मागे सगळ्या. बुलिक आणि तालिसायसमोर, अंड्याच्या वासात, अख्खी रोझरी झाली. एंग्रासियाने एक शब्द गाळला नाही. वेदनेने तिची मान थरथरत होती, तुन सिद्रो तिच्या शेजारी टेकून कोपराला हात लावून होता.

शेवटचं आमेन झालं. कोणीच उठेना. मग कळलं, अर्ध्या बायकांना उठताच येत नव्हतं. तुन सिद्रो आणि दाराबाहेर थांबलेला फेलिस काखेत हात घालून एकेकीला उभं करत सुटले. कारिदातचा नंबर शेवटचा. ती जमिनीवरूनच हळूच म्हणाली, "सिद्रो, तेल कधीपर्यंत होतं रे?"

"मेली की रोपं, कारिदात."

"पुन्हा लावेल तो," एंग्रासिया भिंतीला टेकून म्हणाली. मूर्ती तिच्या कुशीत होती. "चार लावेल. दुकानात मात्र उद्या मी जाणार, आणि तो पोरगा सांगेल तेच खत येणार. अंडी जेवणात."