लांब दिलेली आत्या आणि आमची कालवड

मंडळी, आज आमच्या आबांनी घोडेगावच्या बाजारात कालवड घेतली आणि गर्दीत दुसऱ्याच टेम्पोत चढवली. टेम्पो गेला निघून! आबांना एवढंच माहीत, "त्यो वैजापूरकडचा हुता."

मी पारनेरला कॉलेजात फिजिक्स शिकवतो. परवाच वर्गात सांगितलं होतं, की सगळ्यांच्या ओळखी शेजारीपाजारीच असतील तर निरोप लांब पोचता पोचत नाही. पण एखादाच धागा दूर गेलेला असला, की सगळं जग जवळ येतं.

आमचा तो धागा म्हणजे आत्या, आबांची थोरली बहीण. वैजापूरला दिलेली. तिला फोन लावला. तिनं जावेला विचारलं, जावेच्या भावानं टेम्पोवाला हुडकला. संध्याकाळी कालवड दारात!

"अक्काला लई लांब दिली" ही आमच्या घरातली जुनी हळहळ. आज आबा फोनवर म्हणाले, "अक्का, बरं झालं तुला लांब दिली."

आत्या हसली. "व्हय रे, कालवड हरवल्यावर का हुईना, आठवण तर आली!"

तुमच्याकडं लांब दिलेलं कोण आहे? आणि काहीही हरवलेलं नसताना तिला शेवटचा फोन कधी केला होता?