पाईप शिकायला आष्टीकडे

२००६ च्या हिवाळ्यातली सकाळ. पूजा झाली, देव्हाऱ्यातल्या आईच्या तुळशीमाळेला हात जोडले आणि खिशात बिडीचं बंडल आहे ना, ते चाचपलं. ही माळ मी घालावी, एवढंच आई जाताना म्हणाली होती. पण माळ घातली की तंबाखू बंद. तीन वर्षं ती तशीच होती.

बिडी निदान कमी व्हावी म्हणून, बदली होऊन गेलेल्या एका साहेबांनी दिलेला लाकडी पाईप घरी ओढून पाहिला. जीभ पोळली, पाईप विझला. मग सोमाजीबाबा आठवले. आमच्या आंजीत कापूस वेचायला यायचे. दिवसाला एकच चिलीम, पण ती तासभर चालायची.

आंजीहून आर्वी, आर्वीहून आष्टी, दोन्हीकडे एसटी. आर्वीच्या स्टँडवर तर्री-पोहे खाऊन घ्या. पुढे पोटभर मिळेलच असं नाही. आष्टीपासून बाबांची गोंडांची वस्ती पायी तासाभरावर. वाट संत्र्यांच्या बागांतून जाते, चालण्याचा शीण होत नाही.

बाबा कुंपण बांधत होते. काम संपेपर्यंत चिलमीला हात लावायचा नाही, हा त्यांचा पहिला धडा. त्यांची बायको म्हणाली, "या माणसाले कोनत्याच कामाची घाई नाई, भाऊ."

दिवस कलल्यावर बसलो. मी पाईप भरू लागलो, तर बाबांनी हात धरला. "पयली चिमूट मायबापाची. खाली ठेव."

वडील बिडी ओढायचे, त्यांची चिमूट ठेवली. आईपाशी हात अडला. तिला तंबाखूचा वाससुद्धा खपत नसे, असं मी सांगितलं.

"मंग तिले काय पाह्यजे होतं?"

मी पाईप भरला.

शिकणाऱ्यांनी बाबांचं ऐकावं. तळाला तंबाखू मोकळी सोडायची, वर बी पेरून माती दाबतो तेवढीच दाबायची. पहिल्या काडीनं ती फुगून वर येते. हलकेच बसवून पुन्हा पेटवायची. धूर तोंडातच फिरवायचा, छातीत न्यायचा नाही. मी जोरात ओढला, तसे बाबा हसले.

"बिडीसारखा काऊन ओढून राह्यला? इस्तव का पळून चालला?"

मग मी मनात एकेक नाम घेत ओढू लागलो. नामाच्या लयीत पाईप विझला नाही, जीभही पोळली नाही. गाई परत आल्या तरी विस्तव जिवंत होता. एवढ्या सावकाशीनं मी आयुष्यात काही केलं नव्हतं. शेवटी पाईप गार होऊ दिला आणि बाबांनी दिलेल्या कोंबडीच्या पिसानं नळी साफ केली.

मुक्काम तिथेच केला. सकाळी निघताना पाईप बाबांच्या हाती दिला.

"शिकला अन् ठेवून चालला?"

"आईची चिमूट राहिली होती, बाबा."

त्यांनी पाईप कपाळाला लावला.

येताना आर्वीपर्यंत खिशातल्या बंडलावर हात तीनदा गेला; खोटं कशाला सांगू? घरी आलो तेव्हा चूल पेटलेली होती. बंडल तिच्यात टाकलं, अंघोळ केली आणि माळ गळ्यात घातली.