तिसऱ्या दिवशीची टीप

आमच्या शिवणाच्या बाई बोलता बोलता समोरचीची बाही चिमटीत धरून ओढायच्या आणि शिवण तपासायच्या. "ओढून बघावं, मग विश्वास ठेवावा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. भर सभेत हेडमास्तरीणबाईंनाही त्यांनी सांगितलं होतं, "काखेत उसवलंय हो."

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या शिवण शिकवायच्या, मी मराठी शिकवायची. त्या बेने इस्राएल, अलिबागकडच्या ज्यू. रेल्वेतल्या नवऱ्याबरोबर इकडे आल्या, आणि तो वारल्यावर मुलाला घेऊन इथंच राहिल्या. गावाला वाटायचं, ख्रिश्चन असतील. त्या हसून सोडून द्यायच्या. शनिवारी मात्र, तो त्यांच्या धर्मात विसाव्याचा वार म्हणून, मशीनला हात लावायच्या नाहीत. मुलींना गोष्टी सांगायच्या.

एका उन्हाळ्यात त्यांचा विशीतला मुलगा वैनगंगेत बुडाला. दीर आले, दफन उरकून परत गेले. मग बाई जमिनीवर चटई टाकून बसल्या. आरशावर चादर टाकलेली, पोलकं गळ्यापाशी चार बोटं फाडलेलं.

तिसऱ्या दिवशी घरमालकीण धावत शाळेत आली. "शिवणाची बाई पागल झाली जी! पोलकं फाडून बसून राह्यली. रडत भी नाही."

आता तुम्हीच सांगा. बाप गेला की आपल्यातला माणूस डोकं भादरतो, तेरा दिवस कोपऱ्यात बसतो. त्याला कुणी पागलखान्यात नेतं का? पण सुतक फक्त आपलंच खरं. दुसऱ्याचं दिसलं की तो आजार! हेडमास्तरीणबाईंनी लगेच डॉक्टर बोलावला.

आणि मी काय केलं? डॉक्टर पुरुषमाणूस, त्याच्यासमोर बाई अशा कशा बसणार, म्हणून सुईदोरा घेऊन आधीच बाईंच्या घरी गेले आणि त्यांचं पोलकं अंगावरच शिवून टाकलं. मायेनं, चांगली पक्की टीप घालून. तीन दिवसांत पहिल्यांदा बाई ओरडल्या. माझा हात झिडकारून म्हणाल्या, "शिवू नका! सात दिवस होऊ द्यात!" नेमके तेव्हाच दारात आलेल्या डॉक्टरांनी तेवढंच पाहिलं आणि चिठ्ठी लिहिली. जीप आली. दूरच्या वेड्यांच्या इस्पितळात त्यांना दोन महिने ठेवलं, विजेचे झटके दिले. मुलाचं सुतक पाळणाऱ्या आईला! हे लिहिताना आजही माझं डोकं तापतं, आणि त्यातला निम्मा राग माझ्यावरच आहे.

परतल्या तेव्हा त्यांचे हात थरथरत होते. शाळेनं कामावर घेतलं नाही. मुली घाबरतील म्हणे. एकही मुलगी घाबरली नव्हती.

मी त्यांच्या घरी गेले. "बाई, मले माफ करा. मले माहीतच नव्हतं."

"मुलासाठी फाडलेलं सात दिवसांनी नुसतं टाचायचं असतं," त्या शांतपणे म्हणाल्या, "आणि तिसाव्यानंतर पक्कं शिवायचं. तुम्ही तिसऱ्याच दिवशी शिवलंत." मग पेटीतून ते पोलकं काढून माझ्यापुढे धरलं. "टीप मात्र छान आहे. ओढून बघितली मी."

आम्ही दोघी हसलो, आणि मग मला रडू आवरेना.

"उसवा," त्या म्हणाल्या. "माझे चार दिवस राहिलेत. धर्मात चालतं की नाही, कुणास ठाऊक. मला बसायचंय."

मी टीप उसवली. चार दिवस रजा टाकून चटईवर त्यांच्या शेजारी बसले. भाकरी आणि उकडलेली अंडी घेऊन जायची. त्या मुलाबद्दल बोलू लागल्या: लहानपणी तो शिवणाच्या मशीनखाली झोपायचा, पायडलचा आवाज थांबला की उठून बसायचा. दुसऱ्या दिवशी त्या रडल्या, पोटभर.

घरमालकीण दारातून डोकावली. "मास्तरीणबाई, तुम्ही भी पागल झाल्या का जी?"

"हौ," मी म्हटलं. "झाली. बोलवा जीप."

कुणी बोलावली नाही.

शेवटच्या दिवशी मी पोलकं टाचून दिलं. पुढं नोकरीच नाही म्हटल्यावर दिरांनी त्यांना अलिबागला बोलावून घेतलं. नव्यानं मोजलेला तिसावा दिवस नेमका प्रवासात संपत होता. "पक्की टीप मी माझ्या हातानं घालीन, गाडीतच," त्या म्हणाल्या. सुईदोरा पिशवीत वरच ठेवला होता. गाडी सुटताना त्यांनी खिडकीतून हात काढून माझी बाही ओढून पाहिली.

आमची छोट्या लाइनीची, नॅरोगेजची गाडी फार हलते, आणि त्यांचे हात तर तसे. ती टीप सरळ आली का, हे मला कधीच कळलं नाही.