डाव्या हाताच्या गाठी

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसतो. पिंपळाखालची बाई, स्कूटरच्या मागच्या सीटवर आपोआप वाढलेलं वजन... आमच्या घरी हे चालत नसे. वडील गणिताचे मास्तर. मी स्वतः इंदूरच्या एका कापड मिलमध्ये अकरा वर्षं क्लार्क. कागदावर आहे ते झालं, कागदावर नाही ते झालंच नाही, असा माझा हिशोब. हा हिशोब किती लबाड होता, ते पुढे येईलच.

बरेच लोक तळटीप देतात, नाव छापू नये म्हणून. माझं छापा. मोघे, सुदामा नगर, इंदूर. हसायचं त्यांनी खुशाल हसावं. आठ वर्षं गप्प बसलो, आता नाही बसणार.

आधी मिलचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी साचाखात्यात बसायचो, म्हणजे जिथे कापड विणलं जातं तिथे. काचेची केबिन, टेबल, आणि एक तक्रारवही. कामगाराने सांगायचं, मी लिहायचं. तिथे शंकर बोरकर नावाचा विणकर होता, बऱ्हाणपूरकडचा, पिढीजात हातमागवाल्या घरातला. डावखुरा. तुटलेला धागा जोडायची सगळे विणकर मारतात तीच गाठ तो मारायचा, पण डाव्या हाताने, उलट्या वळणाची. वरून एक जादा वेढा, आणि उरलेलं टोक परत गाठीखाली खोचलेलं. आजोबांनी शिकवली म्हणायचा. डोळे मिटून, एका हाताने, "एक" म्हणेपर्यंत. मला तीनदा शिकवायचा प्रयत्न केला त्याने. "बाबूजी, तुमच्या हातात पेनच बरं!" म्हणून सोडून दिलं. अख्ख्या खात्यात ती गाठ दुसऱ्या कोणाला जमली नाही.

शंकरच्या साच्याच्या, म्हणजे मागाच्या, दातेरी चक्रावरचं झाकण निघालेलं होतं. तो तीनदा माझ्याकडे आला. तिन्ही वेळा मी वहीत लिहिलं, एकाच पानावर, एकाखाली एक. चौथ्यांदा तो आला तो दोघांच्या खांद्यावरून. डाव्या हाताची मधली तीन बोटं गेली.

चौकशी बसली. त्याआधी मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं. चहा पाजला. आजूबाजूच्या मिली बंद पडत चालल्या होत्या, आमच्याकडे कोणाला ठेवायचं याची यादी तयार होत होती. साहेबांनी यादीबद्दल एक शब्द काढला नाही. एवढंच म्हणाले, "मोघे, तक्रार आली होती का हो कधी? मला तर आठवत नाही."

मी ते पान फाडलं. आणि चौकशीत सांगितलं की झाकण होतं, साफसफाईसाठी त्यानेच काढलं, चालू साच्यात हात घातला.

मी यादीत राहिलो. दीड वर्षाने मिलच बंद झाली.

त्यानंतर भंवरकुआंला एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात लागलो. तेव्हा तिकडे रोज एका नव्या क्लासचा बोर्ड लागत होता. घरी, बाहेर, मी फार बोलत नसे. आधीही नसे, पण आता मुळीच नाही. तेव्हा माझा मेहुणा अविनाश मागे लागला. तो बँकेत, फिरायला एलटीसी मिळायची, आणि पहाडांचं त्याला वेड.

"भाऊजी, चला ना यार! घरी बसून काय अंडी उबवताय? दहा दिवस, हिमाचल. तंबूत राहायचं, एकदम देसी."

"मला नाही जमायचं."

"अरे, साठ-साठ साल की आंटी लोक चढतात! ताई, समजाव यांना."

गेलो. मे महिना. कुल्लूपासून बसने, मग तीन दिवस पायी. ज्या कॅम्पची गोष्ट सांगतोय तो आमचा तिसरा, साडेदहा हजार फुटांवर. देवदार खाली संपलेले. उतारावर तासून काढलेली एक अरुंद पट्टी, तिच्यावर रांगेत तीन जाड कॅनव्हासचे तंबू, सुती दोरांनी खुंट्यांना ताणलेले. वीस पावलांवर स्वयंपाकाचा तंबू. झऱ्याला लावलेला एक पाइप. ताट त्या पाण्यात धुतलं की बोटं आपली वाटत नसत. पट्टीच्या कडेला सरळ नाला — पन्नास-साठ फूट खाली, दगडांचा.

तिथे पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळे वरच्या बर्फावर खेळायला गेले. माझं डोकं ठणकत होतं म्हणून मी मागे राहिलो. मंगळवार होता. चारच्या सुमारास अंधारून आलं आणि गारा सुरू झाल्या. सुरुवातीला मजा वाटली. मग वारा आला.

तंबूचा मधला बांबू मी दोन्ही हातांनी धरला. बाहेर दोर तुटला, त्याचा आवाज गोळी सुटल्यासारखा. मग दुसरा. नाल्याकडची बाजू फुगून वर उचलली गेली आणि खालून मला ते दगड दिसले. तिसरा तुटला तेव्हा बांबू जमिनीतून निघाला, आणि मी बांबूसकट दोन हात त्या बाजूला ओढला गेलो. बाहेर पडायचं तोंड उलट्या दिशेला. बांबू सोडला तर तंबू मला गुंडाळून घेऊन जाणार, हे स्पष्ट होतं.

देव आठवला का? नाही. शंकर आठवला का? नाही. खोटं कशाला सांगू... मला कोणीही आठवलं नाही. मी फक्त ओरडत होतो.

आणि मग नाल्याकडची बाजू खाली बसली. म्हणजे वाऱ्याने सोडली म्हणून नाही, वारा तसाच होता. कोणी बाहेरून ओढून बसवावी तशी. आधी एक कोपरा ताणला गेला, कॅनव्हासवरची सुरकुती निघाली. मग शेजारचा. मग तिसरा. घाई अशी नाहीच, कामाचा एक ठेका असतो ना, तसं. "कौन है? कौन है भाई?" मी विचारत राहिलो. बांबू सरळ झाला.

वीस मिनिटांनी गारा थांबल्या. बाहेर आलो तर घोट्यापर्यंत पांढरं. बाकीचे दोन्ही तंबू आडवे. एकाचा अर्धा भाग नाल्यात लोंबत होता. माझा उभा. तिन्ही तुटलेले दोर जोडलेले.

मी वाकून पाहिलं. उलटं वळण. जादा वेढा. टोक परत गाठीखाली खोचलेलं.

तिन्हींवर.

मी तिथेच गारांवर बसलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. वरची मंडळी धावत आली तेव्हा तसाच बसलेलो होतो. आमचे कॅम्प लीडर सक्सेनाजी, निवृत्त ड्रॉइंग मास्तर, गळ्यात शिट्टी. त्यांनी आधी माणसं मोजली, मग दोर पाहिले. स्वयंपाक्याला विचारलं, त्याचा मदतनीस शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "साब, हम दोनों तो अपना तंबू पकड़ के बैठे थे. निकले ही नहीं."

अविनाश माझ्याकडे वळला. डोळे चमकत होते त्याचे. "भाऊजी! हे तुम्ही बांधलं?"

आता नीट वाचा. भूत-प्रेत राहू द्या बाजूला, माझ्या मते सगळ्यात वाईट गोष्ट ही आहे. मी म्हणालो, "हो."

का म्हणालो? घाबरलो होतो. दुसरं काही सांगितलं असतं तर डोकं फिरलं म्हणाले असते. सगळं खरं, पण त्याही आधी एक होतं. मला सवय होती. त्याच माणसाच्या त्याच हाताबद्दल मी आधी एकदा खोटं बोललेलो होतो, आणि ते सहज गेलं होतं.

त्या कॅम्पांवर लाकूड जाळायला बंदी. म्हणून संध्याकाळी कंदिलावर लाल कागद लावून सगळे भोवती बसतात आणि गाणी म्हणतात. त्या संध्याकाळी सक्सेनाजींनी मला मध्ये उभं केलं. "इंदौर के मोघेजी ने आज अकेले तंबू बचाया है!" चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी एक दोर माझ्या हातात दिला. "ज़रा वो गाँठ सबको दिखाइए."

मी दोर धरून उभा राहिलो. कंदिलाचा उजेड, चाळीस तोंडं.

"हाथ ठंडे पड़ गए हैं," मी म्हणालो.

लोक हसले, अजून टाळ्या वाजवल्या. मी खाली बसलो. अविनाश कानात म्हणाला, "क्या बात है भाऊजी, छुपे रुस्तम!" रात्रभर तो अभिमानाने घोरला.

सकाळी निघायच्या आधी मी चाकूने एक गाठ दोन्हीकडून कापली आणि खिशात टाकली.

इंदूरला परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी स्टेशनजवळ स्नेहलतागंजला गेलो. शंकर तिथे एका लॉजच्या दारात बसतो, हे मला माहीत होतं. चार वर्षं मी तो रस्ता टाळत होतो. स्टेशनला जायचं तरी वळसा घालून.

त्याने मला लांबूनच ओळखलं. "या मोघेबाबू! खोली पाहिजे? का, वहिनींनी काढलं घरातून?"

मी गाठ काढून टेबलावर ठेवली. तो हसायचा थांबला. उजव्या हाताने उचलून फिरवली, उजेडाकडे धरली, खोचलेलं टोक नखाने तपासलं.

"ही माझी आहे," तो म्हणाला. "दोर जाडा आहे, पण गाठ माझी. कुठे मिळाली? मिलमधून आणली का?"

मी सगळं सांगितलं. तो ऐकत गेला. मग डावा हात टेबलावर ठेवला. अंगठा आणि करंगळी.

"बीच के तीनों मिलमध्ये राहिले बाबूजी. आता तुम्हीच सांगा, कुठून मारू?"

"त्या मंगळवारी चार वाजता तू काय करत होतास?"

"टाकी भरत होतो. मालकाला विचारा." मग म्हणाला, "नसलेली बोटं दुखतात कधी कधी. पण ती मंगळवारी म्हणून नाही, रोजच दुखतात. तुम्ही त्याची उगीच स्टोरी बनवू नका."

तेव्हा मी म्हणालो, "शंकर, ते तक्रारीचं पान मी फाडलं."

"मालूम आहे," तो शांतपणे म्हणाला. "मी सांगितलं, तुम्ही लिहिलं. तिसरा कोण होता तिथे?"

"मग बोलला का नाहीस?"

आता त्याचा आवाज चढला. "बोललो नाही? चौकशीत ओरडून बोललो! तुमचं ऐकलं, माझं नाही. तुम्ही बाबू, मी साचेवाला."

आत जाऊन तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद घेऊन आला. चौकशीचा अहवाल. एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती — 'कर्मचारी की स्वयं की लापरवाही'.

"पोराने वाचलं हे. विचारतो, पप्पा, तुम्ही लापरवाही का केली? मी, बाबूजी! सोळा वर्षं साचा चालवला, कापडाचं एक थान खराब नाही गेलं माझ्या हातून. बोटांचं सोडा. हा शब्द काढा."

ते फाडलेलं पान मी जाळलं नव्हतं. कशाला ठेवलं होतं, मला विचारू नका. दुसऱ्या दिवशी ते घेऊन कामगार कचेरीत गेलो. तिथले साहेब म्हणाले, "अब क्या फायदा? मिल ही नहीं रही."

"मिल नाही राहिली, शंकर आहे. लिहून घ्या."

नाही घेतलं. सहा वेळा गेलो. सातव्यांदा घेतलं. मी खोटं बोललो, हे माझ्या सहीने, पानासकट, शिक्का मारून त्या अहवालाला जोडलं गेलं. शब्द काही खोडत नाहीत म्हणे, नुसता खाली कागद जोडतात. ठीक आहे. शंकरने त्याची नक्कल पोराला वाचून दाखवली. माझ्या जुन्या साहेबांनी घरी फोन करून मला नमकहराम म्हटलं. अविनाश म्हणाला, "भाऊजी, स्वतःहून कोण असं करतं? पागल झालात का?" आणि वर्षभर आला नाही. न येवो.

शंकर मात्र येतो. माफ केलं असं तो कधी म्हणाला नाही, मीही विचारलं नाही. एकदा चहा पिताना मी न राहवून म्हणालो, "शंकरभाऊ, तुम्ही मला वाचवलंत."

"मी?" त्याने बशी खाली ठेवली. "मला कोणी विचारलं असतं ना, तर साफ सांगितलं असतं — जाऊ द्या नाल्यात. माझं काही नाही त्यात. त्या हाताला सवय होती, तुटलेलं दिसलं की जोडायची. कोणाचं आहे, ते तो बघायचा नाही."

हे लिहितोय म्हणून सांगितलं तर म्हणाला, माझं नाव पूरं लिहा.

आता खुलासे पाठवणाऱ्यांसाठी. उंचीवर हवा विरळ असते, भास होतात, माहीत आहे मला. तो दोराचा तुकडा माझ्या कपाटात आहे. तुम्हाला कुठला भास तिथे दिसतो ते येऊन दाखवा. गिर्यारोहकही अशी गाठ मारतात म्हणाल, तर उलट्या वळणाची, त्या वेढ्याची, टोक खोचलेली मारून दाखवा, मी पाहीन. आणि जे 'अतृप्त आत्मा' वगैरे लिहिणार आहेत त्यांना सांगतो, शंकर जिवंत आहे, चांगला धडधाकट आहे, आणि तुमच्यावर भडकेल. मेला होता तो फक्त हात. हाताचं भूत असतं का, मला माहीत नाही. माझ्याकडे काहीही स्पष्टीकरण नाही आणि मी ते कोणाकडे मागायलाही आलेलो नाही.

मी दुसऱ्याच कामासाठी लिहिलंय. सक्सेनाजींना कॅम्पच्या पत्त्यावर दोन पत्रं टाकली, उत्तर आलं नाही. त्या संध्याकाळी लाल कंदिलाभोवती बसलेल्या चाळीसांपैकी कोणी हे वाचत असेल तर ऐका. तुम्ही चुकीच्या माणसासाठी टाळ्या वाजवल्यात. त्या गाठी मी मारल्या नव्हत्या. त्या शंकर बोरकर यांनी मारल्या होत्या.

कशा, ते त्यांनाही माहीत नाही.