हळद लावलेली वायर

लातुरात नव्या ऑफिसाला नेटवर्क टाकायचं म्हटलं की नरसिंग आणि भागवत जोडीनंच यायचे. एकट्या नरसिंगला कुणी बोलावलं नाही आणि एकटा भागवत कुणाला परवडला नाही, इतका तो बोलायचा. भिंतीच्या या बाजूनं नरसिंगनं पाइपात वायर सारायची, पलीकडून भागवतनं ओढायची. आणि मधल्या पाइपातून जे बोलणं चालायचं ते ऐकायला ऑफिसातली माणसं कामं टाकून उभी राहायची.

"नवरी निघाली गाऽऽ!" नरसिंग ओरडायचा.

"येऊ दे लवकर! मांडवात पंगत खोळंबली!" पाइपातून भागवत.

वायर कोपऱ्यात अडली की तोच आवाज यायचा, "रुसली वाटतं! मागं घे अन् तिच्या मामाला बोलव." मामा म्हणजे साबणाचं पाणी. मामानं समजूत घातली की नवरी मुकाट पुढं सरकायची. वायरीच्या तोंडाला सगळे काळी टेप गुंडाळतात. भागवत मात्र गंजगोलाईच्या बाजारातून हुडकून पिवळी आणायचा. "नवरीला काळं कोण लावतंय? हळद लाव!" मोबाईल आले तरी पाइप सुटला नाही. दोन्ही हात वायरीत गुंतलेले, फोन धरणार कोण?

मग भागवतच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशनात स्वरयंत्रच काढावं लागलं. गळ्याला श्वासापुरतं भोक राहिलं आणि त्यावर त्याच्या बायकोनं, कस्तुराबाईनं, शिवलेला पांढरा रुमाल. पाय गेला असता तर भागवतनं त्या पायावर वर्षभर गाव हसवलं असतं. पण गेलं ते नेमकं हसवायचं सामान.

बरा झाल्यावर पहिलं काम मुदखेडला, एका दुकानात मिळालं. नरसिंग सवयीनं ओरडला, "निघाली गा!" पाइपातून काहीच आलं नाही. तो सारत राहिला. पलीकडं वायर दुमडली होती आणि भागवत दोन्ही हात हलवून 'थांब, थांब' सांगत होता, भिंतीला. वायर आतल्या आत मोडली. परतीच्या गाडीत एकाला बोलता येत नव्हतं आणि दुसऱ्याला बोलवत नव्हतं.

त्यानंतरचं काम सुकन्या मॅडमचं. मॅडम टॅक्सची कामं बघायच्या. नवं ऑफिस म्हणजे एक हॉल आणि भिंतीपलीकडं त्यांची केबिन. जोडीच्या रिवाजाप्रमाणं नरसिंगनं फरशीवर खडूनं आराखडा काढला. इथं टेबलं, इथं प्रिंटर, कोपऱ्यात नेटवर्कचं कपाट. मग कपाटापासून वायरीची रेघ निघाली ती खिडकीतून बाहेर, सगळी गॅलरी फिरून, दुसऱ्या खिडकीतून केबिनमध्ये.

"नरसिंगदादा," मॅडम म्हणाल्या, "माझं टेबल या भिंतीला लागून हाय की! वायर गॅलरीतून कशाला? तिकडं माकडं येतात."

"वायरीला हवा लागते, मॅडम. मोकळी राहिली की तापत न्हाई."

मॅडम खळखळून हसल्या. स्टुलावर बसलेला भागवत हसला नाही. तो रेघेवर नजर फिरवत होता. वायर गॅलरीतून नेली की या टोकाच्या माणसाला त्या टोकाचा माणूस दिसणार होता. ओरडायची गरजच नव्हती. हात वर केला की पुरे.

भागवत उठला. चपलेनं त्यानं गॅलरीची रेघ पुसली आणि खडूनं कपाटापासून थेट भिंतीत घुसणारी सरळ रेघ मारली.

"असू दे की भागा," नरसिंग हळूच म्हणाला. "जास्तीची वायर मी माझ्या पदरची घालतो. तुझ्याबिगर मला काम सुधरत न्हाई."

भागवतनं मान हलवली. मग फरशीवरच लिहिलं, 'माझ्यापायी काम वाकडं नको.' थोडा थांबला आणि त्याखाली लिहिलं, 'हे झालं की वैजनाथला घे.' वैजनाथ उदगीरकडचा, याच कामातला, हाताचा चांगला.

"त्याला हळद कळती का?" नरसिंगनं विचारलं.

भागवत हसला. आवाज नव्हताच, नुसता रुमाल फडफडला.

ते काम मात्र दोघांनीच केलं. भागवत भिंतीपलीकडं गेला. "नवरी निघाली गा," नरसिंग पाइपात म्हणाला, बेतानंच. थोडी सारली, थांबला. पलीकडून हलका हिसका आला. पुन्हा थोडी. पुन्हा हिसका. एरवी चहा निवायच्या आत व्हायचं ते काम दुपारभर चाललं. मॅडमनी दोनदा चहा पाठवला.

शेवटी वायर थांबली. "आली का मांडवात?" नरसिंगनं विचारलं आणि पाइपाला कान लावला. पलीकडं भागवत तोंड लावून उभा असावा. पण त्याचा वारा आता तोंडातून नव्हे, गळ्याच्या भोकातून यायचा. काहीच ऐकू आलं नाही. नरसिंगनं तरी कान बराच वेळ काढला नाही.

केबिनमध्ये गेला तेव्हा भागवत वायरीच्या तोंडाची हळद उतरवत होता. उरलेलं टेपचं भेंडोळं त्यानं नरसिंगच्या खिशात घातलं आणि खिशावर थोपटलं.

पुढच्या कामाला वैजनाथ आला. नरसिंगनं पिवळी टेप काढली.

"काळी न्हाई का?"

"हाय," म्हणून नरसिंगनं पिवळीच गुंडाळली. वायर पाइपात सारताना ओठावर आलेलं त्यानं गिळलं. थोड्या वेळानं विचारलं, "आली का?"

"हाव, आली," पाइपातून वैजनाथ म्हणाला, खणखणीत.

वायर कुठंही अडली नाही. काम झटक्यात झालं.