पाळीवरची पार्टी

पोलीस ठाण्यात द्यायच्या त्या अर्जात मी 'आंदोलन' हा शब्द लिहिला नाही, कारण मला भीती वाटत होती. 'सहल' लिहिलं असतं तर खोटं झालं असतं. कॉलेजपासून चालत दहा मिनिटांवरच्या तलावावर जाण्याला कोण सहल म्हणेल? म्हणून मी लिहिलं, 'आम्ही सात विद्यार्थिनी येत्या रविवारी दुपारी तलावाच्या पाळीवर शांततेत पार्टी करणार असून संध्याकाळच्या बसबाबत आमचे म्हणणे मांडणार आहोत.' आमच्याकडे चार घरचे डबे एकत्र करून झाडाखाली जेवलं की त्याला पार्टीच म्हणतात. मला तो साधा शब्द वाटला.

तेव्हा मी साकोलीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. प्रॅक्टिकल पाच वाजता सुटायचं आणि जंगलाकडच्या आमच्या गावांना जाणारी साडेपाचची बस दिवाळीपासून बंद होती. आता शेवटची बस तीनची. तीनला निघालं तर प्रॅक्टिकल बुडायचं, पाचला निघालं तर कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसावं लागायचं. आमच्यातल्या एकीच्या घरी 'कॉलेज सोड, स्थळ पाहू' असं सुरूही झालं होतं.

पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, जेवायची कल्पना माझ्या मैत्रिणीची. प्रयोगशाळेत आम्ही एकाच टेबलावर असायचो. तिला कळलं होतं की रविवारी हायवेवरच्या लॉनमध्ये आमच्या भागातल्या पुढाऱ्याचं पक्षनिधीसाठी स्नेहभोजन आहे, नागपूरचे मोठे लोक येणार आहेत. लॉनची मागची भिंत कमरेएवढी, आणि तिच्या पलीकडे लगेच तलावाची पाळ.

"घोषणा नाई, काई नाई," ती म्हणाली. "डबे उघडाचे, जेवाचं, बाजूले एक पाटी ठेवाची. जेवनाऱ्यायले जेवनारे दिसतीन तं बोलतीन ना काहीतरी."

अर्ज घेऊन आम्ही दोघी पोलीस ठाण्यात गेलो. सह्यांमध्ये पहिलं नाव माझं होतं, गावासकट. टेबलावरच्या हवालदारांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचलं.

"पार्टी? कोनती पार्टी काढली पोरीहो? चिन्ह काय?"

"डब्बा पार्टी जी," मैत्रीण म्हणाली.

"डब्बा चिन्ह! निवडून येते बाप्पा." ते मोठ्याने हसले, मागच्या टेबलावरचेही हसले, आम्हीसुद्धा हसलो. मग त्यांनी जागा वाचली. पुन्हा वार वाचला. हसू कधी थांबलं ते कळलं नाही, पण पंख्याचा आवाज एकदम ऐकू यायला लागला. त्यांनी मोबाइल काढून अर्जाचा फोटो घेतला.

"ठेवून जा."

"शिक्का भेटन का जी, पोच म्हणून?" मी विचारलं.

"ठेवून जा म्हटलं ना, बाई."

माझी आई गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. ते काम दरवर्षी नव्याने द्यायचं असतं आणि कोणाला द्यायचं ते शाळा समिती ठरवते. त्या वर्षीची बैठक रविवारनंतरच्या सोमवारी होती. समितीचे अध्यक्ष त्या पुढाऱ्याचेच माणूस. हे मला अर्ज लिहिताना माहीत होतं. माहीत असून मी त्याचा विचार केला नाही.

गुरुवारी अध्यक्ष शाळेच्या स्वयंपाकघरात आले. आईने संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता सांगितलं.

"कधी येत नाईत ते. आज आले, ताट मांगून खिचडी खाल्ली. म्हणे, चव हाय बाई तुमच्या हाताले. मंग म्हणे, तुमची पोरगी नवीन पार्टी काढून राहिली म्हणते?"

"माय, डब्बा पार्टी वो. जेवाची."

"मी तेच सांगतलं. म्हटलं, पोरी जेवतीन जी कुठंतरी. तं हासले. म्हणे, जेवाले आमी नाई म्हणतो का?" तिने सूप खाली ठेवलं. "कायले हासले ते? रागावले असते तं मले समजलं असतं."

मी म्हटलं, माझं नाव काढून घेते. आईने सूप पुन्हा हातात घेतलं. बाबा दारात बसून होते, ते उठून बाहेर गेले. जा म्हणाले असते किंवा जाऊ नको म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं.

शुक्रवारी मी मैत्रिणीला सगळं सांगितलं. ती लगेच म्हणाली, "तू नको येऊ. खरंच नको येऊ." ती मनापासून म्हणत होती, म्हणूनच मला घरी थांबवेना.

रविवारी पाळीवर सातांपैकी चौघी आलो. एकीचा फोन बंद होता, एकीच्या भावाने तिला घरातच ठेवलं, एकीने नुसतं 'सॉरी' पाठवलं. आम्ही मोहाच्या झाडाखाली चादर अंथरली. भात, लाखोळीची डाळ, वांग्याची भाजी, कोणीतरी सुक्या झिंग्यांची चटणी आणलेली. मधोमध पाटी उभी केली : 'साडेपाचची बस द्या.' भिंतीपलीकडे जनरेटर घुमत होता. पांढऱ्या मंडपाखाली माणसं खुर्च्यांवर बसत होती, आमच्याकडे पाठ करून.

आधी पाळीच्या एका टोकाला दोन माणसं येऊन उभी राहिली. थोड्या वेळाने दुसऱ्या टोकाला तीन. ती काही बोलत नव्हती, पुढेही येत नव्हती. एक जण सुपारी कातरत होता. पाळीवरून खाली उतरायला त्या दोनच वाटा. मागे पाणी.

"खा ना वो," मैत्रीण म्हणाली. आम्ही भात नुसता कालवत राहिलो.

मग भिंतीतलं छोटं फाटक उघडलं. पांढऱ्या शर्टातला एक माणूस आला. त्याच्यामागे वाढपी, हातात भरलेली चार ताटं. पुरी, पनीर, गुलाबजाम. त्याने आमच्या चादरीपाशी चपला काढल्या. चपला काढल्या, याचीच मला जास्त भीती वाटली.

"साहेबांनी पाठवलं. म्हणे, आपल्याच पोरी हायेत, उन्हात काहून बसल्या?"

"आम्ही डबे आणले जी," मैत्रीण म्हणाली.

"ते बी खा, हे बी खा. पार्टीच हाय ना आज? तुमची बी, आमची बी." आणि तो माझ्याकडे वळला. माझ्याकडेच. "तू खिचडीवाल्या बाईची ना? उद्या बैठक हाय त्यायची. घे बेटा."

त्याने ताट पुढे केलं. आवाजात कुठे धाक नव्हता. मला सोमवार दिसत होता, शाळेची चूल दिसत होती आणि तिच्यासमोर दुसरीच कोणी बाई. माझे हात पुढे गेले. मी ताट धरलं. तेवढ्यात वाढप्याच्या मागून कोणीतरी फोटो काढला. त्याआधी पाटी बाजूला कधी झाली, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

बाकीच्या तिघींनी ताटं घेतली नाहीत. माझं ताट मी खाली ठेवलं, एक घासही खाल्ला नाही. पण वाटेवरची माणसं निघून गेली होती. ज्यासाठी आली होती ते झालं होतं.

संध्याकाळपर्यंत फोटो सगळ्या गावांच्या ग्रुपवर फिरला. 'स्नेहभोजनात विद्यार्थिनींचाही उत्स्फूर्त सहभाग.' फोटोत मी चक्क हसल्यासारखी दिसते. घाबरले की माझा चेहरा तसा होतो.

सोमवारी आई बैठकीवरून परत आली. पाय धुतले, पदराला तोंड पुसलं.

"राहिलं काम," ती म्हणाली. आणि पुढे, "अध्यक्ष म्हणे, पोरगी समजदार हाय तुमची. साहेबाच्या पुढच्या सभेले आनखी मैत्रिणी घेऊन येईल म्हणे." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "जासीन का तू?"

मी सूप घेऊन अंगणात गेले.

मंगळवारी प्रयोगशाळेत मैत्रीण आमच्या टेबलावर आली. मला वाटलं होतं, जागा बदलेल. आम्ही टायट्रेशन लावलं. बराच वेळ थेंबच मोजत होतो.

"खाल्लं का तू ते?" तिने विचारलं.

"नाई वो. नुसतं धरलं होतं."

"फोटोत धरलेलंच दिसते."

"आईचं काम..."

"मले माहीत हाय," ती म्हणाली. "म्हणून तं तुले नको येऊ म्हटलं होतं."

ती रागावलेली नव्हती. तिने घड्याळ पाहिलं, वही बंद केली आणि तीनची बस धरायला निघाली. तिचं अर्धं रीडिंग राहिलं होतं. तिच्या रकान्यात माझे आकडे लिहावेत का, हे मला समजेना, आणि ते तिला विचारायला मी जिन्यापर्यंतही गेले नाही.